डोक्यावरचे वजन : वाढोण्यातील एका छताची गोष्ट

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर हे तालुक्याचे गाव. हे नाव निजामी राजवटीतले. त्यापूर्वीचे नाव वाढोणा, आणि श्रीपरमेश्वराच्या दर्शनाला येणारी जुनी माणसे आजही वाढोणाच म्हणतात. या गावातील एका घरात गेल्या उन्हाळ्यात बैठकीच्या खोलीला नवे छत बसवले गेले. आजचा धागा त्या छताविषयी आहे. विषय घरगुती असला तरी त्यासाठी कार्ल्याच्या लेण्यात, सिडनीच्या नगरभवनात आणि शेवटी किल्लारीला जावे लागते.

खोली साधारण १० बाय १२ फुटांची. भिंती जुन्या, दगडमातीच्या. वर लोखंडी नळ्यांवर टाकलेले टिनपत्रे. घरात नातवाचे लग्न ठरलेले. पाहुणे येणार, तेव्हा वरचा गंजका पत्रा झाकावा असे ठरले आणि नांदेडहून खोकी आली. खोक्यांत २ बाय २ फुटांचे चौकोनी तुकडे होते. रंग कळकलेल्या तांब्याचा, खोलगट जागी हिरवट झाक, मध्ये उठावाचे फूल, कडेला मण्यांची किनार. शेजारचे लोक पाहायला आले. एकाने बोटाने टिचकी मारली आणि बिंग फुटले. आवाज प्लॅस्टिकचा होता. सगळे हसले.

बाजेवर बसलेली आजी हसली नाही. तिने एवढेच विचारले, "ह्याचं वजन किती हाय?"

"अर्धा किलोबी नाही, आजी," नातू म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. तिने तुकडा शेजारच्या किराणा दुकानात पाठवला आणि काट्यावर ठेवायला लावला. ४०० ग्रॅमच्या आत भरला. तेव्हा कुठे खोकी आत घेण्याची परवानगी मिळाली. तिने रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही, वजन विचारले. असे का, हे कळण्यापूर्वी त्या तुकड्याची कुळकथा पाहणे बरे.

या चौकोनाचा मूळ पुरुष अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोलादाचे पातळ पत्रे वरखाली ठसे ठेवून दाबायचे आणि त्यांवर वेलबुट्टी उठवायची, असे कारखाने निघाले. धनिकांच्या दिवाणखान्यात युरोपीय धर्तीचे गिलाव्याचे नक्षीदार छत असे. ते करायला कसबी हात लागत आणि पुष्कळ वेळही लागे. पत्रा आगगाडीने कोणत्याही आडगावी पोचे आणि गावचा सुतार लाकडी पट्ट्यांवर तो खिळ्यांनी ठोकून देई. दुकाने, शाळा, मध्यमवर्गीयांची घरे या छतांनी भरून गेली. लाकूड आणि कापड यांच्या तुलनेत पत्रा पेट घेत नाही, ही गोष्ट विक्रेते आवर्जून सांगत. १९३० नंतर ही चाल ओसरू लागली, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलाद युद्धसामग्रीकडे वळल्यावर तिचा जोर संपला.

यातली गंमत अशी की हे पत्रे बसवल्यावर त्यांना बहुधा पांढरा रंग देत. खालून पाहणाऱ्याला तो गिलावा वाटावा, हाच हेतू. म्हणजे पत्र्याने आपण पत्रा आहोत हे लपवायचे होते. वाढोण्यातील प्लॅस्टिक आज उघड्या, जुनाट धातूचे सोंग घेते. ज्याची ते नक्कल करते, तो धातू आपल्या काळी रंगाखाली दडून बसलेला होता. आणि गिलाव्याची ती नक्षी तरी कुठे अस्सल? ती कोरीव दगडाची आणि लाकडाची नक्कल होती.

सिडनीचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील नगरभवनाचे मोठे सभागृह १८८९ मध्ये पुरे झाले. त्यात एक अवाढव्य ऑर्गन वाद्य बसणार होते. त्याच्या घुमण्याने गिलाव्याचे छत हादरून श्रोत्यांच्या डोक्यावर पडेल, अशी धास्ती होती. म्हणून तेथे जस्ताच्या ठसा मारलेल्या पत्र्याचे छत घातले गेले. शोभा तर हवीच होती, परंतु निर्णय भीतीने केला. आजीला हे कारण चटकन पटले असते.

नकली छत ही परदेशी खोड समजून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात मान वर करून पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर पोखरून केलेल्या त्या दालनाच्या कमानदार छताखाली सागवानी फासळ्या ओळीने बसवलेल्या आहेत. वर अखंड कातळ आहे. त्याला कसल्याही आधाराची गरज नाही, आणि त्या फासळ्या तोळाभरही भार पेलत नाहीत. गावोगावच्या लाकडी चैत्यांचे छत जसे दिसे, तसे कातळाखालीही दिसावे म्हणून त्या बसवल्या. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत लाकूडही गेले. फासळ्या दगडातच कोरल्या गेल्या. लाकडाची नक्कल करणारा दगड आपण भक्तिभावाने पाहतो. धातूची नक्कल करणारे प्लॅस्टिक पाहून हसतो. दोहोंत फरक नाही असे मुळीच नाही, पण कारागिराची इच्छा एकाच जातीची आहे.

अजिंठ्यातच १ आणि २ क्रमांकांच्या लेण्यांची छते चौकोनांत विभागून रंगवलेली आहेत. फळे, फुले, हंस, वेली; प्रत्येक घराला निराळे चित्र. सपाट कातळावर चौकटींचा आणि ताणलेल्या चांदव्याचा आभास उभा केलेला. मंदिरस्थापत्यात छताला 'वितान' म्हणतात, आणि वितान म्हणजे मुळात डोक्यावर ताणलेले वस्त्र. याच नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळ होट्टल येथे चालुक्यकालीन मंदिरे आहेत. त्या काळच्या मंडपात दगडी छतावर कमळ कोरण्याची रीत होती. ते सगळे वजनदार दगडकाम कापडाच्या नावाने ओळखले गेले, हे शब्दाच्या पोटात राहून गेले आहे.

खुद्द कापडाचे छतही आपल्याकडे कालपरवापर्यंत होते. वाड्यांत, देवळांत, कीर्तनाच्या मांडवात वर ताणलेल्या कापडाला छतच म्हणत. गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत गवताच्या किंवा कौलांच्या छपराखाली जाड कापड ताणून त्यावर चुना फासत. खालून ते पांढरे शुभ्र पक्के छत दिसे आणि त्यावर उंदरांच्या शर्यती चालत. ऐपतदार वाड्यांत तक्तपोशी असे, म्हणजे तुळयांच्या खालच्या अंगाला बसवलेल्या लाकडी फळ्या. या सगळ्यांचे पहिले काम शोभेचे नव्हतेच. वरून माती पडते, वाळवी पडते, विंचू पडतो. ते झेलणे हे छताचे पहिले काम. शोभा मागाहून आली.

येथे जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाची आठवण होते. १८४९ साली त्याने वास्तुकलेतील लबाडीवर कठोर शब्दांत लिहिले. एका पदार्थाने दुसऱ्याचे सोंग घ्यावे, हाताचे काम यंत्राने करून हाताचे म्हणून खपवावे, हे त्याला पाप वाटे. एक सूट मात्र त्याने दिली. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा फसवणूक नाही, कारण ते भरीव सोने आहे असे कोणी समजतच नाही. दागिन्यावर तोच मुलामा फसवणूक ठरतो. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे या दृष्टीने पाहता येते. महाराजा रणजितसिंह यांच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ या काळात ही वास्तू उभी राहिली, आणि तिच्या घुमटाला सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे आहेत. त्या झळाळीपुढे हात जोडणाऱ्याला आत तांबे असल्याने फसवले गेल्यासारखे वाटत नाही. वाढोण्याच्या बैठकीतही टिचकी मारून सगळ्यांनी खरेखोटे करून घेतले होते. फसवणूक तेथेच संपली.

आता वजनाकडे.

मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर दाटीने किलचनाच्या काटक्या किंवा फळ्या, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर माती. घर मोजायचे ते खणांत. पाच खणांचे, सात खणांचे. घरात कोठे किती खण, यावरून सोयरीक जमवणारे घराची ऐपत ओळखत. किनवटचे सागाचे रान जवळ असल्याने या टापूत लाकडाला तोटा नव्हता. वरची माती मात्र शेतातली काळी नसे. काळी पाण्याने फुगते, उन्हाने फाटते. गावठाणातली जुनी मुरलेली पांढरी माती वर घालत, कारण ती पाणी धरून ठेवत नाही आणि झिरपूही देत नाही. म्हणून तर गावाला पांढरी आणि शेताला काळी म्हणण्याची रीत पडली.

उन्हाळ्यात या घरासारखे सुख नाही. बाहेर ४४ अंश असताना माळवदाखाली माणूस गोधडीवर पडून निवांत झोपतो. रात्री वर जाऊन झोपावे, मिरच्या वाळवाव्यात, कुरडया घालाव्यात. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी माळवदावर नवी पांढरी टाकावी लागे, नाहीतर पहिल्याच पावसाला घर गळे. पाट्या भरून माती वर नेणे हे बायकापोरांचे काम. जुना थर कोणी काढत नसे; त्यावर नवा चढे. बोटभर जाडीने वर्षे साठत जात. तीन पिढ्यांच्या घरावर दीड-दोन फुटांपर्यंत माती बसलेली असे, आणि ती वाढते आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे नुकतीच झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे दगावली. भूकंपाचे मापन सुमारे ६.२ होते, याहून मोठे भूकंप जगात इतरत्र थोडक्यावर निभावलेले आहेत. येथे घरांनी जीव घेतला.

अभियंत्यांच्या पाहणीत एक गोष्ट पुढे आली, ती सामान्य समजुतीला छेद देणारी होती. अनेक घरांत खांबतुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती मात्र फुटून पडल्या. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगडच नव्हते. मध्ये नुसता भराव होता. तरीही लोकांनी दोष डोक्यावरच्या मातीला दिला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. धरणी हलली की जितके वजन वर, तितका जोराचा हिसका सांगाड्याला बसतो. आणि सांगाडा जेथे टिकला नाही, तेथे मातीने माणसांना श्वास घ्यायलाही जागा ठेवली नाही.

आजीचे माहेर औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ती पोचली तिसऱ्या दिवशी. पाऊस पडत होता. भावाचे घर पाच खणांचे होते. मातीचा चिखल झाला होता आणि तो उपसताना तिला वास ओळखू आला. लग्नाआधी दरवर्षी मृगाच्या तोंडावर त्या माळवदावर तिने पाट्या वाहिल्या होत्या. भाऊ, भावजय आणि धाकटी भाची त्या थरांखाली सापडली. याविषयी ती फार बोलत नाही. घरच्यांना जे माहीत आहे, ते तिच्या एका सवयीवरून: कोणत्याही नव्या घरी गेली की ती आधी वर पाहते.

वाढोण्याला परतल्यावर तिने नवऱ्याच्या मागे लागून स्वतःच्या घराची माती उतरवली. असे करणारी ती एकटी नव्हती. सरकारी पुनर्वसन कार्यक्रमातही घरांच्या बळकटीकरणासाठी छपराचे वजन कमी करणे, भिंतींत आरपार दगड बसवणे, वर काँक्रीटचा पट्टा घेणे हे उपाय सांगितले गेले. शेकडो गावांत लोकांनी आपणहून माळवदे मोकळी केली आणि टीन चढवले. मराठवाड्याच्या खेड्यांचे आकाशातून दिसणारे रूप मातकटाचे रुपेरी झाले, त्याला पैसा आणि लाकडाची टंचाई कारणीभूत आहेच. त्याबरोबर ती एक पहाटही आहे. स्थापत्याच्या इतिहासात भीतीचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ साली हेन्री पामर याने घेतले. गोदीतल्या वखारींवर ते छप्पर चढले. वखारीत माल राहतो. वाढोण्यात त्याखाली माणसे राहिली. मे महिन्यात दुपारी पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो, पावसाळ्यात शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि थंडीत पहाटे वरून घाम टपकतो. आजीने तीन दशके हे सोसले. माळवदाच्या गारव्याची आठवण कोणी काढली की ती उठून आत जाई.

आता तिच्या प्रश्नाचे गणित. माळवदावर फक्त एक फूट माती धरू, आणि कोरड्या मातीचे वजन दर घनमीटरला दीड टन. मग २ बाय २ फुटांच्या जागेवर सुमारे १७० किलो भरते. त्याच जागेला खरा ठशाचा पोलादी पत्रा एक किलोच्या आसपास. प्लॅस्टिकचा तुकडा ४०० ग्रॅमच्या आत. किराणा दुकानातल्या काट्यावर आजीने हाच हिशेब करून घेतला होता.

छत बसवणे चार दिवस चालले. असे तुकडे सपाट स्लॅबला सरळ चिकटवता येतात. पत्र्याखाली तसे करता येत नाही. म्हणून वरच्या लोखंडी नळ्यांना तारांनी टांगलेली हलकी चौकट करावी लागली. कारागिराने प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर एक पातळी आखून घेतली, त्या रेषेवर अँगल ठोकले आणि मग दोऱ्या बांधल्या. येथे जुन्या भिंतींनी आपले खरे रूप दाखवले. समोरासमोरच्या दोन भिंतींत दोन इंचांचा फरक निघाला. एकही कोपरा गुण्यात नव्हता. कोपऱ्यातून सुरुवात केली असती तर शेवटची ओळ पाचरीसारखी निमुळती दिसली असती. म्हणून खोलीचा मध्य काढला, ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन साधला, आणि मधून बाहेर येत कापाकापी भिंतींकडे सारखी वाटून टाकली. ३० तुकडे लागले. भिंतीलगतचा जवळजवळ प्रत्येक तुकडा कापावा लागला. फुलांची ओळ दारातून पाहिली तर सरळ दिसते. खिडकीतून पाहिली तर थोडी कललेली दिसते, आणि ती आता तशीच राहील.

पत्रा आणि छत यांच्यात वीतभर पोकळी ठेवली आणि दोन्ही टोकांना जाळ्या बसवल्या, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. ही पोकळी ऐच्छिक नाही. हे प्लॅस्टिक ७५ ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. तापत्या पत्र्याला चिकटून राहिले तर दोन उन्हाळ्यांत पोट सुटल्यासारखे लोंबेल. पंखा छताला न टांगता दांडी वरच्या नळीपर्यंत नेली. विजेच्या तारा नळीतून घेतल्या आणि जोड पोकळीत ठेवला नाही. नातवाला स्वयंपाकघरही असेच सजवायचे होते. कारागिराने साफ नकार दिला. खरा पत्रा आगीला दाद देत नसे, त्याची ही नक्कल मात्र पेटल्यावर दमछाक करणारा आम्ल धूर सोडते. दिसणे वारशात मिळाले, गुण मिळाला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काम संपले. दिवा लावल्यावर खोटे तांबे बऱ्यापैकी उजळले. घरातील सर्वांनी मान वर करून पाहिले, पोरांनी फोटो काढले. आजीने बाज भिंतीपासून ओढून घ्यायला लावली आणि नेमकी आपल्या डोक्यावरच्या तुकड्याकडे बोट केले. तो घट्ट बसवू नका, म्हणाली.

कारागिराला वाटले, तिला भीती वाटते. त्याने समजावले की हा तुकडा अंगावर पडला तरी काही होत नाही, चारशे ग्रॅमच आहे. तिला ते ठाऊकच होते. वजन तिनेच करून घेतले होते. तिला वरचे दिसायला हवे होते. मग त्याने त्या एका चौकोनाच्या चिपा काढल्या आणि तो चौकटीवर नुसता टेकवून ठेवला.

बाजेशेजारी आता एक वेळूची काठी असते. सकाळी उठल्यावर ती काठीने तो तुकडा थोडा वर उचलते, फटीतून पत्रा पाहते, आणि परत खाली सोडते.